देवडीवरची बारनिशी : फायरवॉल आणि पत्तेबदल

पाकिटावर पत्ता घालताना लिहिणाऱ्याने एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती ही की, तो पत्ता जगात एकाच ठिकाणाचा आहे. ग्वाल्हेरच्या गल्लीतील एका घराचा पत्ता आणि बेळगावच्या गल्लीतील दुसऱ्या घराचा पत्ता अक्षरशः एकच निघाला, तर टपालखात्याचा कारभार एका दिवसात कोलमडून पडेल. संगणकांच्या टपालात मात्र ही अशक्य वाटणारी गोष्ट रोज घडत असते. इंदूरच्या एखाद्या बिऱ्हाडातील संगणकाला त्याचा पत्ता विचारावा, तर तो सांगेल : १९२.१६८.१.५. तोच प्रश्न वडोदऱ्याच्या एखाद्या पेढीवर, म्हापशाच्या एखाद्या शाळेत किंवा हैदराबादच्या एखाद्या दवाखान्यात विचारला, तरी पुष्कळदा उत्तर तेच येईल. फार तर शेवटच्या एकदोन आकड्यांचा फरक पडेल. अशी असंख्य यंत्रे एकच पत्ता सांगत असतात, आणि तरीही ज्याचे उत्तर त्याच्याच हाती बिनचूक पडते.

हे ज्या युक्तीने साधते, तिला नेटवर्क ॲड्रेस ट्रान्सलेशन, अथवा संक्षेपाने ‘नॅट’, असे नाव आहे. मराठीत तिला पत्तेबदल म्हणण्यास हरकत नसावी. ही युक्ती बहुधा फायरवॉल नावाच्या पहारेकरी यंत्रावरच बसविलेली असते. दोघांचा मुक्काम एकाच यंत्रात असल्यामुळे त्यांच्या कामांविषयी मोठा घोटाळा माजला आहे. पत्ता बदलला की घर सुरक्षित झाले, ही समजूत घरोघरी तर आहेच. पण ज्यांनी अधिक जाणावे अशा कचेऱ्यांतूनही ती ऐकू येते. समजूत सर्वस्वी खोटी नाही, हीच तिच्यातील अडचण आहे.

मुळात पत्ता बदलण्याची पाळी का आली, ते आधी पाहावयास हवे. इंटरनेटच्या पत्त्यांची जी चौथी आवृत्ती अजूनही सर्वत्र वापरात आहे, ती सप्टेंबर १९८१ मध्ये आरएफसी ७९१ या टिपणाने कायम झाली. आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक कारभाराची क्रमांकवार प्रसिद्ध होणारी टिपणे. या आवृत्तीत पत्त्याची लांबी ३२ बिटांची धरली गेली. म्हणजे एकूण पत्ते झाले ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६. त्या काळी संगणक ही विद्यापीठांच्या आणि मोठ्या संस्थांच्या मालकीची वस्तू होती. तेव्हा ही संख्या अक्षय्य वाटली असल्यास नवल नाही. वाटपही तसेच सढळ हाताने झाले. पहिल्या वर्गातील संस्थेला १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ पत्ते, दुसऱ्या वर्गातील संस्थेला ६५,५३६ आणि तिसऱ्या वर्गातील संस्थेला २५६. ज्याला २५६ पुरेनात, त्याने एकदम ६५,५३६ मागावेत असा प्रकार होता. गावात दोनशे साठ घरे आहेत म्हणून सनदेने सबंध परगणा तोडून द्यावा, त्यातलेच हे औदार्य. १९९० च्या सुमारास हिशेब मांडणाऱ्यांच्या लक्षात आले की, या चालीने कोठार लवकरच रिकामे होणार.

दूरचा उपाय पत्त्याची लांबीच वाढविण्याचा होता, आणि त्याला वर्षे लागणार हे उघड होते. तोवर वेळ मारून नेण्यासाठी जवळचा उपाय हवा होता. तो मे १९९४ मध्ये केल्ड एगेव्हँग आणि पॉल फ्रान्सिस यांनी आरएफसी १६३१ या टिपणात मांडला. संस्थेच्या आतील यंत्रांना वाटेल ते खासगी पत्ते द्यावेत. इतर संस्थांनीही तेच पत्ते खुशाल वापरावेत. मात्र संस्थेच्या वेशीवर असे एक यंत्र ठेवावे की, जे बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पुडक्यावरील आतला पत्ता पुसून त्या जागी बाहेरचा खरा पत्ता घालील, आणि उत्तर येताच उलट क्रिया करील. फेब्रुवारी १९९६ मध्ये आरएफसी १९१८ ने या खासगी वापरासाठी तीन राखीव पट्टे पक्के केले. एक १० या आकड्याने सुरू होणारा, दुसरा १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचा आणि तिसरा घरोघरी परिचित असलेला १९२.१६८ चा. हे पत्ते म्हणजे जणू वाड्यातील खोल्यांचे क्रमांक आहेत. ‘तिसरी खोली’ हा वाड्यात पुरेसा पत्ता असतो. टपाल्याच्या लेखी मात्र तो पत्ताच नव्हे.

आता या यंत्राचे प्रत्यक्ष काम पाहावे. जुन्या संस्थानी कचेऱ्यांतून आवक-जावक कागदांची नोंद ठेवण्यासाठी बारनिशी असे, आणि महसुली कचेऱ्यांतून हा शब्द आजही जिवंत आहे. पत्तेबदल करणारे यंत्र म्हणजे देवडीवर बसलेला बारनिशीचा कारकून, असे समजल्यास पुढचा सारा व्यवहार सुकर होतो.

इंटरनेटवरील प्रत्येक पुडक्यावर पाठविणाराचा पत्ता आणि घेणाराचा पत्ता असतोच; पण त्याबरोबर दोन्ही बाजूंचा एकेक पोर्ट क्रमांकही असतो. एकाच यंत्रावर एकाच वेळी अनेक कामे चाललेली असतात. त्यांतील कोणत्या कामाचे हे पुडके, ते या क्रमांकावरून कळते. पोर्ट क्रमांकाला १६ बिटांची जागा आहे. म्हणून ० ते ६५,५३५ एवढे क्रमांक होतात. घरातील १९२.१६८.१.५ या संगणकाने बाहेरच्या एका वृत्तपत्राच्या सर्व्हरकडे मागणी धाडली, आणि स्वतःचा पोर्ट ५१,००० लिहिला, असे समजावे. सर्व्हरचा पोर्ट ४४३. पुडके देवडीवर आले. कारकुनाने बारनिशीत एक ओळ लिहिली : आतला १९२.१६८.१.५, पोर्ट ५१,०००; बाहेरचा २०३.०.११३.७, पोर्ट ४०,००१. जाणार अमुक सर्व्हरकडे, पोर्ट ४४३. मग पुडक्यावरील पाठविणाराचा मजकूर खोडून बाहेरचा पत्ता आणि नवा पोर्ट घातला आणि पुडके रवाना केले. (२०३.०.११३ ने सुरू होणारे पत्ते उदाहरणांसाठीच राखून ठेवलेले आहेत. त्यामुळे येथे कोणाच्या दारावर थाप पडण्याची भीती नाही.) त्याच क्षणी घरातील दुसऱ्या यंत्राने त्याच सर्व्हरकडे, योगायोगाने स्वतःचा पोर्टही ५१,००० लिहून, मागणी धाडली तरी बिघडत नाही. कारकून तिला ४०,००२ हा क्रमांक देतो. उत्तरे येतात तेव्हा दोन्हींवर घेणाराचा पत्ता एकच असतो. पण एकावर ४०,००१ आणि दुसऱ्यावर ४०,००२. कारकून बारनिशी उघडतो, ओळ शोधतो, खरा पत्ता लिहितो आणि पुडके आत देतो. साऱ्या घराला बाहेरचा एकच पत्ता पुरतो तो असा.

पत्ता खोडला की काम संपले, असे मात्र नाही. पुडक्यात मजकूर वाटेत बिघडला की काय, हे तपासण्यासाठी एक बेरीज लिहिलेली असते, आणि तिच्यात पत्तेही धरलेले असतात. पत्ता बदलला की बेरीज चुकते. म्हणून ती नव्याने मांडावी लागते. शिवाय बारनिशीतील ओळ कायमची ठेवून चालत नाही, नाहीतर वही भरून जाईल. टीसीपी या पद्धतीत संभाषणाचा आरंभ आणि शेवट यांच्या ठराविक खुणा असतात. तेव्हा ओळ कधी खोडावी ते कळते. मुकाट्याने तुटलेल्या संभाषणांसाठी २००८ च्या आरएफसी ५३८२ ने असे सांगितले की, जुळलेल्या जोडणीची ओळ २ तास ४ मिनिटांच्या आत खोडू नये. यूडीपीत तशा खुणाच नाहीत. तेथे २००७ च्या आरएफसी ४७८७ नुसार निदान २ मिनिटे वाट पाहावी. बाजारातील सर्व यंत्रे हा नियम पाळतात असे नाही. फोनवर बोलताना एक बाजू गप्प राहिली आणि थोड्या वेळाने आवाज एकाएकी येईनासा झाला, तर पुष्कळदा कारण एवढेच असते की, कोठेतरी एका कारकुनाने घाईने एक ओळ खोडलेली असते.

हा कारकून पहारेकऱ्याच्या चौकीत राहावयास कसा आला, याचा एक मूळ धागा अमेरिकेत सापडतो. १९९४ मध्ये जॉन मेज आणि ब्रँटली कॉइल यांनी नेटवर्क ट्रान्सलेशन या संस्थेतर्फे ‘पिक्स’ नावाचे यंत्र तयार केले. संस्थेच्या नावातच भाषांतराचा, म्हणजे पत्तेबदलाचा, उच्चार आहे. यंत्राचे पूर्ण नाव प्रायव्हेट इंटरनेट एक्स्चेंज. ते ठेवताना मोठ्या कचेऱ्यांतील खासगी टेलिफोन एक्स्चेंज डोळ्यांपुढे होते. कचेरीत दोनशे टेलिफोन, बाहेर जाणाऱ्या तारा दहा, आणि मध्ये एक पेटी. तीच गोष्ट संगणकांसाठी करावयाची होती. म्हणजे मूळ हेतू पत्त्यांच्या तुटवड्यातून मार्ग काढण्याचा होता. १९९५ मध्ये सिस्को कंपनीने ही संस्था विकत घेतली आणि पिक्स जगभर पसरले ते मुख्यतः फायरवॉल म्हणून. हेही अकारण घडले नाही. चालू संभाषणांची नोंद ठेवून, त्या नोंदीबाहेरचे पुडके अडविणारा फायरवॉल त्याच सुमारास पुढे येत होता. पहारेकऱ्याला ‘आतून कोण बोलावयास निघाले’ याची वही हवी होती, आणि ती वही पत्तेबदलाच्या कारकुनाने आधीच मांडलेली होती. एका वहीवर दोघांचे काम भागले आणि दोघे एका चौकीत राहू लागले. घोटाळ्याचे मूळ येथे आहे.

बाहेरून अनाहूत आलेल्या पुडक्याची नोंद बारनिशीत नसते. म्हणून ते आत जात नाही. हे पाहून लोक म्हणतात, पत्तेबदलाने घराचे रक्षण केले. वस्तुतः कारकुनाने ते पुडके संशयाने अडविलेले नसते. कोणाला द्यावे हे त्याला ठाऊक नसते, एवढेच. अज्ञान आणि नकार यांचा परिणाम पुष्कळदा सारखा दिसतो. परंतु ज्याला ते आतले नाव ठाऊक आहे असा कोणी आला, म्हणजे फरक उघडा पडतो. राउटरच्या बाहेरच्या बाजूला, त्याच तारेवर बसलेल्या एखाद्या शेजाऱ्याने पुडक्यावर सरळ १९२.१६८.१.५ असा आतला पत्ता घालून ते राउटरच्या हाती दिले, तर काय होईल? कारकुनाला येथे बदलावयास काहीच नाही. राउटरचा धर्म पुडके पुढे पोचविण्याचा. आणि तो पत्ता तर त्याच्या आतल्या दालनाचा आहे. पहारेकऱ्याने ‘बाहेरून आलेले, आतून न मागितलेले, घेऊ नये’ असा स्पष्ट नियम मांडला नसेल, तर केवळ पत्तेबदलाच्या भरवशावर असलेले यंत्र ते पुडके आत देऊन मोकळे होईल. घराचे रक्षण पहारेकऱ्याच्या नियमाने होते, कारकुनाच्या लेखणीने नव्हे.

पत्तेबदलाच्या जनकांना याची जाणीव नव्हती असे नाही. आरएफसी १६३१ मध्येच त्यांनी नमूद केले आहे की, या उपायामुळे सुरक्षिततेचे मार्ग कमी होतात. कारण पत्ता किंवा पत्त्यावरून काढलेली बेरीज वाटेत बदलावयाची असेल, तर ती गुप्त लिपीत झाकता येत नाही. आतल्या यंत्राची ओळख बाहेर कळत नाही, हा खासगीपणाचा एक लाभ त्यांनी मान्य केला. परंतु त्याला तटबंदी म्हटलेले नाही. तटबंदीचा लौकिक त्याला पुढे विक्रेत्यांनी आणि सवयीने दिला.

पत्तेबदलाची दिशा उलटी केली तर तो दार बंद करण्याऐवजी उघडतो, ही गोष्टही विसरली जाते. संस्थेला स्वतःचा सर्व्हर बाहेरच्या जगासाठी खुला ठेवावयाचा असेल, तर कारकुनाला कायमची एक ओळ लिहून द्यावी लागते : बाहेरच्या पत्त्यावर पोर्ट ४४३ साठी जे येईल, ते आतल्या अमुक यंत्राला द्यावे. येथे घेणाराचा पत्ता बदलतो. आणि यात रक्षण असे काहीच नाही, नुसती वाट दाखविणे आहे. त्या वाटेवर कोणाला येऊ द्यावे, हे पुन्हा पहारेकऱ्यानेच ठरवावयाचे.

मग प्रश्न येतो क्रमाचा, आणि फायरवॉल सांभाळणाऱ्यांची सर्वांत अधिक फसगत येथेच होते. पुडके आधी कारकुनापुढे जाते की आधी पहारेकऱ्यापुढे? लिनक्समधील नेटफिल्टर या व्यवस्थेत बाहेरून येणाऱ्या पुडक्याचा घेणारा आधी बदलला जातो आणि मग पहारा होतो. बाहेर जाणाऱ्यावर आधी पहारा होतो आणि पाठविणाराचा पत्ता अगदी शेवटी बदलतो. परिणामी पहारेकऱ्याला दोन्ही वेळा आतले खरे नाव दिसते, आणि नियमही त्याच नावाने लिहावे लागतात. पिक्सचा वारस असलेल्या सिस्कोच्या एएसए या फायरवॉलवर मात्र प्रथम उलटी रीत होती : बाहेरून येणाऱ्यांसाठीचे नियम बाहेरच्या, बदललेल्या पत्त्याने लिहावे लागत. २०१० मधील ८.३ या आवृत्तीपासून ती रीत बदलली आणि नियम आतल्या खऱ्या पत्त्याने लिहिणे आले. एका बाजूची सवय झालेल्या माणसाने दुसऱ्या यंत्रावर तोच नियम लिहिला, तर तो नियम दिसावयास अगदी शुद्ध असतो. पण कोणालाच लागू पडत नाही. पहारेकरी ज्याची वाट पाहतो आहे, त्या नावाचा माणूस त्या दारावर कधी येतच नाही. अशा वेळी काम अडले म्हणून वैतागून ‘सर्वांना येऊ द्या’ असा नियम तात्पुरता घातला जातो, आणि तो तसाच राहतो.

आतून बाहेर जाणाऱ्याला कारकून कधीच अडवीत नाही, हा आणखी एक मुद्दा. संगणकात शिरलेला दुष्ट प्रोग्राम आपल्या धन्याशी बोलावयास आतूनच निघतो. त्याच्यासाठी बारनिशीत ओळ तितक्याच अदबीने लिहिली जाते, आणि धन्याचे उत्तर त्या ओळीवरून थेट त्याच्या हाती पडते. घरगुती राउटरांवर यूपीएनपी नावाची एक सोय असते. तिच्यामुळे आतले कोणतेही यंत्र कारकुनाला परस्पर सांगू शकते की, माझ्यासाठी बाहेरचे अमुक दार उघडून ठेव. खेळांच्या आणि कॅमेऱ्यांच्या सोयीसाठी केलेल्या या व्यवस्थेत घराच्या मालकाला विचारण्याचा प्रघात नाही.

कारकुनाच्या मदतखोर स्वभावाचा गैरफायदा कसा घेता येतो, याचे नमुनेदार उदाहरण ऑक्टोबर २०२० मध्ये सॅमी कामकार या संशोधकाने पुढे आणले. ते समजण्यास थोडी पार्श्वभूमी हवी. काही जुन्या पद्धतींत पत्ता पाकिटावरच नव्हे, तर आतल्या पत्रातही लिहिलेला असतो. फाइली पाठविण्याच्या एफटीपी या पद्धतीत एक यंत्र दुसऱ्याला पत्रातच कळविते की, ‘या पत्त्यावर, या पोर्टवर माल पाठवा’. कारकुनाने फक्त पाकिटावरचा पत्ता बदलला, तर पत्रातला आतला पत्ता बाहेर जातो आणि माल कोठेच पोचत नाही. म्हणून कारकुनाला पत्र फोडून आतला पत्ताही बदलण्याचे शिक्षण द्यावे लागले. तो पत्ता आकड्यांच्या अक्षरांत लिहिलेला असल्यामुळे बदलताना पत्राची लांबी कमीजास्त होते, आणि मग पुढच्या प्रत्येक पुडक्यावरील अनुक्रमांकही दुरुस्त करीत बसावे लागते. टेलिफोनच्या एसआयपी पद्धतीची कथा हीच. कामकारने असे दाखविले की, बळीने एखादे संकेतस्थळ नुसते उघडले, तरी त्या पानाकडून त्याच्या ब्राउझरला असा मोठा मजकूर पाठवावयास लावता येतो की, त्याचे एक पुडके नेमके एसआयपीच्या पत्रासारखे दिसते. ते पाहून कारकून समजतो, घरातील कोणीतरी टेलिफोन लावतो आहे. आणि मोठ्या तत्परतेने बाहेरून आत येणारी ओळ लिहून टाकतो. ब्राउझर करणाऱ्यांनी त्यानंतर ५०६० आणि ५०६१ हे पोर्ट बंद केले. ज्या यंत्राला लोक तटबंदी समजत होते, त्यानेच दार उघडून दिले, ते कोणाच्या दुष्टपणामुळे नव्हे, तर नेमून दिलेले काम चोख केल्यामुळे.

एकच नाव अनेकांनी वापरल्याचे दुःख संस्थांच्या विलीनीकरणात दिसते. दोन कंपन्या एक झाल्या, आणि दोघींच्याही आतल्या जाळ्याचे पत्ते १० नेच सुरू होत असले, तर एकीच्या हिशेबखात्याचा सर्व्हर आणि दुसरीचा छापखाना एकाच पत्त्याचे निघतात. मग दोन्ही बाजूंचे पत्ते एकाच वेळी बदलणारा दुहेरी पत्तेबदल मध्ये बसवावा लागतो. हे असे होणार, हा इशारा जुलै १९९४ मध्येच आरएफसी १६२७ च्या लेखकांनी दिला होता. त्यांचे म्हणणे असे की, पत्त्याचे एकमेवपण एकदा सोडले की ते पुन्हा मिळविणे फार महाग पडते. त्यांचे कोणी ऐकले नाही. ऐकण्याजोगी परिस्थितीही नव्हती, हे न्यायाने सांगितले पाहिजे. घरापर्यंत इंटरनेट पोचले ते याच तात्पुरत्या उपायामुळे.

पत्त्यांचे कोठार शेवटी रिकामे झालेच. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातील शेवटचे पाच मोठे गट विभागीय संस्थांना वाटून देण्यात आले, आणि त्याच वर्षीच्या १५ एप्रिलला आशिया-पॅसिफिक विभागाचा साठा शेवटच्या गटावर आला. भारत याच विभागात मोडतो. त्यानंतर पुष्कळ इंटरनेट कंपन्यांनी घरांना बाहेरचा पत्ता देणेच थांबविले. घरातल्या कारकुनाच्या वर कंपनीचा आणखी एक मोठा कारकून आला, आणि त्याच्यासाठी २०१२ च्या आरएफसी ६५९८ ने १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा नवा राखीव पट्टा काढला. आता एका बाहेरच्या पत्त्यामागे एक घर नसून अनेक घरे असतात. एकेका ग्राहकाला १,००० पोर्ट वाटून द्यावयाचे ठरविले, आणि पहिले १,०२४ बाजूला ठेवले, तर एका पत्त्यामागे ६४ ग्राहक बसतात.

अशा ग्राहकाने आपल्या राउटरवर दार उघडण्याची ओळ कितीही काळजीपूर्वक लिहिली, तरी तिचा उपयोग होत नाही. कारण बाहेरचे पुडके त्याच्या देवडीपर्यंत येतच नाही, ते वरच्या देवडीवर थांबते. परगावी गेलेल्या मुलाला घरचा कॅमेरा पाहावयाचा असेल, तर तिसऱ्या कोणाच्या सर्व्हरमार्फत तो पाहावा लागतो. म्हणजे घरच्या माणसांची चित्रे परक्या दाराने जातात, आणि बहुधा त्यासाठी महिन्याचे भाडेही पडते. मूळच्या इंटरनेटमध्ये प्रत्येक यंत्र बोलावू शके आणि त्याला बोलावताही येई. या ग्राहकाकडे यांतला अर्धाच हक्क उरला आहे.

याहून गंभीर बाब जबाबदारीची आहे. कोणीतरी एका पत्त्यावरून अपराध केला, आणि सर्व्हरच्या नोंदीत केवळ तो पत्ता व वेळ एवढेच उतरले, तर त्या पत्त्यामागील सर्व घरांवर संशयाची छाया पडते. कोणते घर, हे ठरविण्यासाठी पाठविणाराचा पोर्ट क्रमांक आणि अचूक वेळ दोन्ही हवे. ही नोंद सर्व्हरांनी ठेवावी, अशी शिफारस जून २०११ मध्ये आरएफसी ६३०२ ने केली. तरी २०१७ मध्ये युरोपच्या युरोपोल या पोलीस संघटनेला जाहीर तक्रार करावी लागली की, या सामायिक पत्त्यांमुळे तपास अडतो आणि निरपराध माणसे चौकशीच्या जाळ्यात ओढली जातात. अपराधापर्यंत मजल न जाताही त्रास होतोच. एकाच्या उपद्रवामुळे एखाद्या संकेतस्थळाने पत्ता बंद केला, तर त्या पत्त्याआडच्या सर्व बिऱ्हाडांना दार बंद होते, आणि आपले काय चुकले हे त्यांना कळण्याचा मार्ग नसतो.

दूरचा म्हणून ठेवलेला उपाय, म्हणजे पत्त्याची सहावी आवृत्ती, आता पुष्कळशी रूढ झाली आहे. तिचा पत्ता १२८ बिटांचा आहे. एकूण पत्त्यांची संख्या ३४ वर ३७ शून्ये एवढी होते. एका घरासाठी जो लहानात लहान गट सामान्यतः मिळतो, त्यातच जुन्या इंटरनेटच्या एकूण पत्त्यांच्या ४२९ कोटी पट पत्ते असतात. भारतात निम्म्याहून अधिक वापरकर्त्यांपर्यंत ही आवृत्ती पोचली आहे. त्यात मोबाइल कंपन्यांचा वाटा मोठा आहे. येथे कारकुनाची गरज उरत नाही. प्रत्येक यंत्राला स्वतःचे जगन्मान्य नाव मिळते. आणि नेमके याच ठिकाणी जुनी समजूत पुन्हा डोके वर काढते. पत्तेबदल नाही म्हणजे घर उघडे पडले, या भीतीने काही ठिकाणी नवी आवृत्ती बंदच करून ठेवतात. तर काही ठिकाणी, इतकी वर्षे काही झाले नाही या विश्वासाने, पहाऱ्याचे नियम न लिहिताच ती चालू करतात. पहिल्यात भीती अनाठायी आहे, दुसऱ्यात विश्वास. २००७ च्या आरएफसी ४८६४ मध्ये दाखविले आहे की, पत्तेबदलामुळे मिळते असे लोक मानतात ते सारे रक्षण पत्ता न बदलताही मिळते. आणि २०११ च्या आरएफसी ६०९२ मध्ये घरगुती राउटरने साधा पहारा कसा ठेवावा याची तपशीलवार कलमे आहेत. राउटरच्या मांडणीच्या पानावर सहाव्या आवृत्तीच्या फायरवॉलचा खटका स्वतंत्र असतो. तो चालू आहे की नाही, हे पाहण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत.

बारनिशीचा कारकून मात्र अजून सेवेतून निवृत्त झालेला नाही. ज्या फोनला केवळ सहाव्या आवृत्तीचा पत्ता आहे, त्याला चौथ्या आवृत्तीच्याच पत्त्यावर बसलेल्या एखाद्या जुन्या संकेतस्थळाकडे जावयाचे असते. तेव्हा एका आवृत्तीचे पुडके दुसऱ्या आवृत्तीत उतरवून देणारा पत्तेबदल लागतो. त्याचे नियम एप्रिल २०११ च्या आरएफसी ६१४६ मध्ये आहेत, आणि अनेक मोबाइल जाळ्यांत तो रात्रंदिवस चालू असतो.